गाडी गेटवर उभी आणि आमचं ॲप म्हणतंय प्लॅन संपला

३१ मार्च २०२३, शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधून स्टोअरकीपरचा फोन. गाडीतल्या मालाबरोबर द्यायचा कागद, म्हणजे चलन, ते आमच्या ॲपवर काढतात. "ताई, चलन निघंना झालंय. गाडी भरून हुबी हाय गेटवर, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवाय लागलाय." स्क्रीनवर काय दिसतंय विचारलं तर म्हणाला, "प्लॅन संपलाय, रिन्यू करा असं लिवलंय. खाली बटण हाय, पण दाबलं की कार्डाचा नंबर मागतंय. आता माझ्याकडं कुठनं आलं कार्ड?"

मालक त्या दिवशी कोइमतूरला मशीन बघायला गेलेले, फोन स्विच ऑफ. मार्च एंड म्हणजे काय असतं हे इथं कुणाला सांगायला नको, त्या दिवशी माल गेटबाहेर पडला तर त्याच वर्षात बिल, नाहीतर पुढच्या वर्षावर गेलं, आणि समोरनं फाउंड्रीवाल्यांचे फोनवर फोन. शेवटी त्या स्टोअरकीपरनं कपाटातनं जुनं चलन बुक काढलं, कार्बन घातला, पेनानं तीन प्रती लिहिल्या आणि गाडी सोडली. मी लॅपटॉप उघडून त्यांचं खातं हातानं चालू करेपर्यंत गाडी सांगली फाट्याच्या पुढं गेलेली.

मला फार लागलं ते. पप्पांचं स्वतःचं उद्यमनगरात शॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन, लहानपणापासून मी गेटवर माल भरून उभ्या असलेल्या गाड्या आणि त्याभोवतीची पळापळ बघत आलेय, आणि मी लिहिलेल्या कोडनं एका माणसाची गाडी अडवली, तीही ९९९ रुपयांसाठी.

आमचं ॲप काय करतं ते थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. फाउंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतो, शॉपमध्ये मशीनिंग होतं, तयार नग परत जातात, आणि हे सगळं जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं केलेल्या कामाच्या चलनावर चालतं. किती नग आले, किती गेले, किती रिजेक्शन, किती बाकी, हा हिशोब आधी वहीत असायचा, तो आम्ही वेब ॲपमध्ये आणला. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत जावा लागतो, नाहीतर तो विक्री धरला जातो आणि पाठवणाऱ्यावर टॅक्स बसतो, त्यामुळं ही बाकी नीट दिसणं दोघांनाही गरजेचं असतं. आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझा आतेभाऊ, २०२० च्या शेवटाला सुरू केलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असे आमचे ग्राहक.

तर त्या दिवशी झालं काय होतं. २८ मार्चला ऑटोपेचा हप्ता होता, मालकांच्या बँकेनं कार्ड बदलून दिलेलं त्यामुळं तो फेल गेला. पेमेंट गेटवेनं, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीनं, २९, ३० आणि ३१ ला परत प्रयत्न केला, जमलं नाही, मग त्यानं सबस्क्रिप्शन थांबवलं आणि तसा निरोप आमच्या सर्व्हरला पाठवला. आमच्या कोडनं तो निरोप घेतला, खात्याचं स्टेटस बंद केलं, आणि ॲपच्या प्रत्येक पानाच्या आधी एक चेक होता की स्टेटस चालू नसेल तर रिन्यूचं पान दाखवा. म्हणजे बघा, बग कुठंच नव्हता, सगळं आम्ही लिहिलं होतं तसंच चाललं. म्हणूनच मला ते जास्त गंभीर वाटलं, कारण बग असता तर तेवढा दुरुस्त करून झोपले असते.

नंतर दोन आठवडे आम्ही बाकी सगळं काम बाजूला ठेवून फक्त हेच बघत बसलो, आणि मला जे कळलं ते एका वाक्यात असं की पैसे किती, प्लॅन कुठला, आणि हा माणूस आत्ता या क्षणी काय करू शकतो, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही तिन्हींची एकच गाठ मारून ठेवली होती.

कोडमध्ये जिथं तिथं लिहिलेलं होतं की प्लॅन प्रो असेल तर ई-वे बिलाचं, म्हणजे माल नेण्याआधी सरकारी पोर्टलवर काढायच्या कागदाचं, बटण दाखवा, प्लॅन बेसिक असेल तर दोनच युजर. सुरुवातीला हे बरोबर वाटतं, दोनच प्लॅन असतात, कुठं काय डोकं लावायचं. मग कागलच्या एका ग्राहकानं दुसरं युनिट टाकलं, त्याला तीन महिन्यांसाठी पाच युजर जास्त हवे होते, नाही कसं म्हणणार, पहिल्या वर्षापासूनचा माणूस. आम्ही त्याच्यासाठी वेगळा प्लॅन केला, प्रो-कागल. मग एकाला रिपोर्ट हवे पण ई-वे बिल नको, त्याचा एक प्लॅन. मग दिवाळी ऑफरचा एक. असं करत करत किंमत लावायच्या पानावर दोन प्लॅन आणि डेटाबेसमध्ये अकरा, आणि प्रत्येक नवीन फीचर टाकताना अकराच्या अकरा नावं त्या अटीत घालायची, त्यातलं एक विसरलं की त्या माणसाचा फोन.

आता आम्ही काय केलंय तर कोडमध्ये प्लॅनचं नाव कुठंच येत नाही. कोड फक्त एवढंच विचारतो की ह्या खात्याला ई-वे बिलाचा हक्क आहे का, ह्या खात्याला युजर किती चालतील. हक्कांचा एक वेगळा तक्ता आहे, त्यात एका ओळीला एक हक्क. प्लॅन म्हणजे फक्त हक्कांचं एक गाठोडं, दुकानात मांडलेलं. माणसानं प्लॅन घेतला की ते गाठोडं सोडून त्यातले हक्क त्याच्या खात्यावर कॉपी होतात, त्या दिवशीच्या किमतीसकट. कॉपी का, तर उद्या आम्ही प्लॅन बदलला, त्यातनं एखादं फीचर काढून वरच्या प्लॅनमध्ये नेलं, तरी ज्यानं आधी घेतलंय त्याला आपण जे सांगून विकलं ते तसंच राहायला पाहिजे. ह्यावर आतेभावाचं आणि माझं बरंच वाजलं, तो म्हणायचा जुन्या लोकांचं वेगळं सांभाळत बसायला लागेल, गुंता होईल, आणि खरंच थोडं जास्त सांभाळायला लागतं. पण शब्द दिलेला असतो. पप्पा आजही एका फाउंड्रीला पाच वर्षांपूर्वी ठरलेल्या रेटनं एक पार्ट करून देतात कारण रेट बदलायचं बोलणंच झालेलं नाही, बोलणं होईल तेव्हा बदलेल. आपणही तसंच करायचं, किंमत वाढवायची असेल तर आधी कळवायचं, तारीख सांगायची, मग वाढवायची. गुपचूप नाही.

आणि कागलवाल्या काकांसारखं काही असेल तर त्याच तक्त्यात एक जादाची ओळ, पाच युजर जास्त, ह्या तारखेपर्यंत, आणि कारण. कारणाचा रकाना मोकळा ठेवला तर ओळ सेव्हच होत नाही, हे मी मुद्दाम केलंय. सहा महिन्यांनी बघितल्यावर ही सवलत कुणी का दिली हे कुणालाच आठवत नाही, मग काढायला पण भीती वाटते आणि ठेवायला पण. आता लिहिलेलं असतं, "दुसरं युनिट चालू होतंय, मालकांशी फोनवर बोलणं झालं." तारीख उलटली की ओळ आपोआप निकामी, त्याच्या आठ दिवस आधी मालकांना मेसेज जातो.

एक गोष्ट पटकन सांगून पुढं जाते कारण ती सगळ्यांना माहिती असते तरी राहून जाते, बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. आमच्याकडं बेसिकवाल्यांना एक्सपोर्टचं बटण दिसायचं नाही पण लिंक माहिती असली की फाईल उतरायची. हक्क सर्व्हरवर तपासायचा, स्क्रीनवर जे दिसतं ते फक्त सोयीसाठी.

आता खाड्यांचं सांगते, कारण ह्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मला तिथनं मिळाला आणि तोही ३१ मार्चच्या जवळपास दोन वर्षं आधीच मिळाला होता, मी नीट ऐकला नाही.

जुलै २०२१ ला पंचगंगेला महापूर आला, २०१९ नंतर दुसऱ्यांदा, आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं. गाड्या बंद, माल येईना जाईना. पाणी उतरल्यावर एका ग्राहकाचा फोन आला, आवाजात तक्रार अजिबात नाही, सहज विचारल्यासारखं, "ताई, ते ॲपचं खाडं धरतासा न्हवं?" मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं. राजारामपुरीत शिकायला आलेली पोरं मेस लावतात तिथं हीच पद्धत, महिन्याचे पैसे ठरलेले, पण गावाला जाताना आदल्या दिवशी सांगून गेलं तर तेवढे खाडे धरून पैसे कमी होतात. दुधाच्या रतिबाला तेच, पेपरला तेच. आपल्याकडं प्रत्येकाच्या घरात सबस्क्रिप्शन पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, त्याचे नियम लोकांच्या अंगात मुरलेत, आणि आम्ही मात्र बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची किंमतीची पानं बघून नियम करत बसलो होतो.

तेव्हा मी काय केलं, डेटाबेसमध्ये हातानं त्यांच्या तारखा पुढं ढकलल्या आणि विषय संपवला. आता त्याचं नीट फीचर आहे आणि त्याचं नाव पण मी खाडेच ठेवलंय. मालक ॲपमध्ये जाऊन अमुक तारखेपासून बंद म्हणून सांगू शकतात, कमीत कमी पाच दिवस, वर्षातनं तीस दिवसांपर्यंत. तेवढे दिवस वैधतेची तारीख पुढं जाते, ऑटोपेचा हप्ता पुढं जातो, जुनी चलनं बघता येतात, नवीन काढता येत नाहीत. मधेच काम आलं तर एका बटणावर खाडे तिथंच संपतात. हे करायला एकच गोष्ट आधी करावी लागली, ती म्हणजे कुठपर्यंत वैध ही तारीख आमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवणं. आधी आम्ही गेटवेला विचारायचो हा माणूस चालू आहे का. गेटवेला फक्त पैसे आले की नाही एवढं माहिती असतं, महापूर त्याला कुठनं माहिती असणार.

आणि इथले निम्मे लोक गेटवेनं पैसे देतच नाहीत. लिमिटेड कंपन्यांचं अकाउंट खातं म्हणतं आधी इन्व्हॉइस पाठवा, मग एनईएफटी करतो. जुन्या वळणाचे मालक वर्षाचा चेक देतात, घरी चहा पाजून. ते सगळं आमच्याच तक्त्यात येतं, पैसे कुठनं आले ही एक नोंद आणि वैधतेची तारीख ही दुसरी नोंद, गेटवे हा पैसे यायच्या रस्त्यांपैकी एक रस्ता.

रस्ता म्हटलं तरी त्याचे नियम माहिती पाहिजेत. रिझर्व्ह बँकेचे ऑटोपेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि तेव्हा आमच्या कार्डवाल्या ग्राहकांचे हप्ते एकदम अडकले, सगळ्यांना परत परवानगी द्यायला लावायची म्हणजे फोन करून करून घसा बसला. नियम चांगला आहे हे मला मान्य आहे, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि तिथंच त्याला नको म्हणता आलं पाहिजे. ओटीपीशिवाय कापायची मर्यादा तेव्हा ५,००० होती, जून २०२२ ला १५,००० झाली. ह्याचा किमतीशी थेट संबंध येतो बरं का. आम्ही एक वार्षिक रेट १२,९९९ ठरवत होतो, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की होतात १५,३३८ रुपये ८२ पैसे, म्हणजे मर्यादेच्या वर, दर वर्षी ओटीपी, आणि तो ओटीपी मालकांच्या मोबाइलवर येणार तेव्हा मालक कुठंतरी मशीनच्या आवाजात. म्हणून ११,९९९ केला, जीएसटीसकट १४,१५८ रुपये ८२ पैसे. हजार रुपये सोडले पण वर्षाकाठी प्रत्येकाच्या मागं लागायचं वाचलं. आणि मॅन्डेट, म्हणजे हप्ता कापायची परवानगी, घेतानाच त्यात जास्तीत जास्त किती कापू शकतो तो आकडा असतो, तो अगदी आजच्या रेटएवढा ठेवला तर उद्या माणूस वरच्या प्लॅनवर गेला की परत नवीन मॅन्डेट, हे पण आम्ही दोनदा ठेच लागल्यावर शिकलो.

जीएसटीचं आमच्याकडं अजून एक आहे. कागल सोडून कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक. निपाणी, बेळगावचे ग्राहक मराठीच बोलतात, माल पण कोल्हापूरला येतो जातो, पण राज्य वेगळं म्हणून बिलावर त्यांना आयजीएसटी १८ टक्के आणि इकडच्यांना केंद्राचा सीजीएसटी ९ आणि राज्याचा एसजीएसटी ९. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, त्यावरनं ठरवतो. कोल्हापूर आणि निपाणीत दोन्हीकडं नोंदणी असलेला माणूस असेल तर कुठल्या नंबरवर बिल हवंय ते विचारायचं, आपण ठरवायचं नाही, कारण भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट त्याला त्याच नंबरवर मिळणार.

गेटवेकडनं येणारे निरोप, ज्याला वेबहूक म्हणतात, ते एकदाच येतील असं धरायचं नाही. आपला सर्व्हर वेळेत हो म्हणाला नाही की तोच निरोप परत येतो. आमच्याकडं एका पेमेंटचा निरोप दोनदा आला आणि आमच्या कोडनं दोनदा महिना वाढवला. आम्हाला पत्ताच नाही. गोकुळ शिरगावच्या त्या मालकांनी स्वतःहून फोन केला, "ताई, मला दोन महिने दाखवतंय, पैसे तर मी एकाच महिन्याचे दिलेत, बघून घ्या तुमचं." मी त्यांना म्हटलं राहू दे दुसरा महिना तुम्हाला, तर म्हणाले, "नको, हिशोब हिशोबाला." त्या दिवसापासनं प्रत्येक पेमेंटचा नंबर तक्त्यात एकदाच बसू शकतो, दुसऱ्यांदा आला की डेटाबेसच नाकारतो. निरोप उलटसुलट क्रमानं पण येतात, आधी पैसे आले आणि मग सबस्क्रिप्शन चालू झालं असा, म्हणून निरोपावर विश्वास ठेवून काही बदलायचं नाही, निरोप आला की गेटवेला परत विचारायचं आत्ताची स्थिती काय आणि ती लिहायची. निरोपाची डिजिटल सही तर तपासायचीच, नाहीतर कुणीही बाहेरनं पैसे आले म्हणून पाठवेल. रोज पहाटे आपोआप चालणारा एक प्रोग्रॅम दोन्हीकडचं ताडून बघतो, फरक असला की मला मेल.

मोजणीचं प्रकरण पण असंच. बेसिकला आधी महिन्याला २०० चलनांची मर्यादा होती. एका फाउंड्रीच्या नाइट शिफ्टमधनं एक तारखेला रात्री दीडला मेसेज, मर्यादा संपली म्हणतंय. मी म्हटलं नवीन महिना लागला की, कशी संपेल. तर आमचा सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, तिथं महिना बदलतो तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे प्रत्येक एक तारखेला रात्री बारा ते साडेपाच तिसऱ्या शिफ्टवाले जुन्याच महिन्यात अडकलेले, आणि बाकी कुणी त्या वेळेला जागं नाही म्हणून आम्हाला इतके महिने कळलं नाही. आता वेळ साठवतो यूटीसीतच पण महिना कुठं सुरू कुठं संपला हे भारतीय वेळेनं काढतो. तसंच ३१ जानेवारीला प्लॅन घेतलेल्या माणसाचं, फेब्रुवारीत २८ ला हप्ता येतो, मग पुढचा हप्ता काढताना मागच्या तारखेत एक महिना मिळवला तर तो कायमचा २८ वरच राहतो. मूळ तारीख ३१ आहे हे वेगळं लिहून ठेवायचं आणि दर वेळी तिथनंच मोजायचं.

पण खरं सांगायचं तर चलनांची मर्यादाच आम्ही नंतर काढून टाकली. कारण ज्या महिन्यात माणसाला काम जास्त त्याच महिन्यात ती आडवी येते. आमच्याकडं मिसळ खायला बसलं की कट मागेल तेवढा वाढतात, त्याचे पैसे कुणी धरत नाही, जादा पाव घेतला तर पैसे. खाणाऱ्याला जेवता जेवता हिशोब करायला लागत नाही. चलन हा आमचा कट. एक चलन जास्त निघालं तर आमचा खर्च काही पैशांचाही वाढत नाही, मग मोजायचं कशाला. आता पैसे युजर आणि युनिटवर. युजर वाढवायचा निर्णय मालक निवांत बसून घेतात, गाडी उभी असताना नाही.

प्लॅन मधेच बदलला तर काय, हे उदाहरणानं सांगते. ४९९ चा बेसिक, ३० दिवसांचा महिना, दहा दिवस झाल्यावर माणूस ९९९ च्या प्रोवर आला. उरलेले वीस दिवस. बेसिकचे त्याचे आमच्याकडं शिल्लक ३३२ रुपये ६७ पैसे, प्रोचे वीस दिवसांचे ६६६, फरक ३३३ रुपये ३३ पैसे, वर ६० रुपये जीएसटी. एवढेच घ्यायचे आणि हक्क लगेच उघडायचे, त्याच मिनिटाला, कारण माणूस वर जातो तो आत्ता काहीतरी अडलंय म्हणून. हे सगळं कोडमध्ये पैशांत, म्हणजे ३३,३३३ पैसे असं पूर्णांकात, दशांश चिन्ह ठेवलं की कुठंतरी एक पैसा सटकतो आणि मग इन्व्हॉइस जुळत नाही. आणि ही फोड आम्ही पैसे मागायच्या आधी स्क्रीनवर दाखवतो, मागचे शिल्लक किती, पुढचे किती, द्यायचे किती. लोक वाचतात ती, बारकाईनं वाचतात.

खाली येताना मात्र घाई नाही, भरलेला महिना पूर्ण होऊ दे, मग बदल. पाच युजरवरनं दोनवर येताना कुठले दोन ठेवायचे ते मालकांना निवडू देतो. आधी आम्ही शेवटी जोडलेले तीन आपोआप बंद करायचो आणि एका ठिकाणी त्या तिघांत चलन काढणारा माणूसच निघाला.

आता ३१ मार्चकडं परत येते. आज तसा हप्ता फेल गेला तर काय होतं? पहिले सात दिवस काहीच नाही, फक्त मालकांना मेसेज, तोही मालकांनाच. गेटवरच्या माणसाला पैशाचा विषय स्क्रीनवर कधीच दिसत नाही, त्याचा त्यात काही संबंध नाही आणि चारचौघात त्याच्या मालकाचं देणं दाखवणं हे मला बरोबर वाटत नाही. सात दिवसांनंतर रिपोर्ट आणि नवीन युजर जोडणं बंद. चलन तरी चालूच. तीस दिवसांनंतर नवीन चलन बंद, आणि ते पण तारीख आधी तीनदा कळवून, आणि महिन्याचे शेवटचे दोन दिवस आणि मार्चचा शेवटचा आठवडा सोडून. जुनी चलनं बघणं आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घेणं हे बंद होतच नाही, पैसे देत असो नसो. तो त्यांचा माल आहे, आम्ही फक्त ठेवायला घेतलाय.

ह्याचा गैरफायदा घेतील लोक असं आतेभाऊ म्हणाला होता. दोनतीन जण आहेत जे दर महिन्याला पंचविसाव्या सव्विसाव्या दिवशी भरतात. मी त्यांना ओळखते, त्यांची स्वतःची बिलं वरच्या कंपन्यांकडं नव्वद नव्वद दिवस अडकलेली असतात, २००६ चा एमएसएमई कायदा लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या म्हणतो तरी. पैसे आले की पहिल्या दोन दिवसांत आमचे येतात. आजपर्यंत त्यातल्या एकानंही बुडवले नाहीत.

शिरोलीच्या त्या शॉपमध्ये मी त्यानंतरच्या सोमवारी स्वतः जाऊन आले. मालक काही बोलले नाहीत, चहा सांगितला. स्टोअरकीपरनं पेनानं लिहिलेल्या त्या चलनाची प्रत दाखवली, अक्षर सुंदर, नग संख्या, कास्टिंगचा नंबर, सगळं बरोबर, फक्त चलन नंबरच्या जागी जुन्या बुकाचा नंबर. ते चलन मग मी तिथं बसूनच ॲपमध्ये घेतलं. त्यासाठी हातानं लिहिलेल्या चलनांची वेगळी नंबर सिरीज करावी लागली, पुढं एच लावून, जीएसटीच्या नियमाप्रमाणं सोळा अक्षरांच्या आत. ती सिरीज आता सगळ्यांनाच दिलीय, सगळ्या प्लॅनमध्ये, नेट गेलं वीज गेली तरी उपयोगी पडते.

क्रेडिट नोट आणि रिफंडचं राहिलंच, ते मोठं आहे, सवडीनं लिहीन. आत्ता थांबते, कागलचे काका खाली आलेत, वर्षाचा चेक घेऊन.